लाल निशाणवाला

मनुष्याच्या अंगीं जो गुण मुळींच नसतो, नेमक्या त्याच गुणाचा अधिकार त्याच्याकडे सोंपविण्याची आपल्या संस्थांना फार हौस असते. ज्यांचा घसा दर दोन वाक्यांनंतर बसतो ते आमच्या महाविद्यालयांत वक्तृत्वमंडळाचे प्रमुख आहेत. ज्यांनीं उभ्या जन्मांत चेंडूला पाय लावला नाहीं ते क्रीडामंडळाचे कार्याध्यक्ष आहेत. आणि ज्याला मोटार चालवितां येत नाहीं, स्कूटरही जो ताशीं तीस किलोमीटरच्या वर नेत नाहीं, व भर बाजारांत रस्ता ओलांडतांना जो पत्नीच्या मागोमाग चालतो, अशा मला कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या प्राचार्यांनीं 'मार्गसुरक्षा अधिकारी' नेमलें.

नेमणुकीचें कारण त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. दर जानेवारींत रस्तासुरक्षेचा सप्ताह किंवा महिना पाळावा म्हणून वरून परिपत्रक येतें, आणि तें कोणाच्या तरी मेजावर ठेवावें लागतें. "तुमच्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचीं मुलें आहेतच," ते म्हणाले, "शिवाय तुमचा विषय इंग्रजी, तेव्हां तुम्हांला वेळही असतो." या दुसऱ्या कारणावर वाद घालण्याजोगें पुष्कळ होतें, पण प्राचार्यांशीं वाद घालण्याचें माझें वय केव्हांच उलटून गेलें आहे.

दुसऱ्या दिवशीं अधिकाराचीं साधनें माझ्या हातीं आलीं: एक हिरवट-पिवळें चमकतें जाकीट, एक शिटी, आणि बांबूच्या काठीला लावलेलें एक लाल निशाण. जाकीट घालून मी आरशासमोर उभा राहिलों तेव्हां पत्नी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, "अहो, आतां या वयांत रेल्वेंत नोकरी धरलीत कीं काय?" हा मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, असें मीं तिला जरा घुश्शांतच सांगितलें. ती क्षणभर गंभीर झाली व म्हणाली, "मग शिटी जोरानें वाजवा. तुमचा वर्गांतला आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाहीं म्हणतात."

पहिल्या वर्षीं आम्हीं एक फेरी काढली. मुलींनीं फलक रंगविले, मुलांनीं घोषणा दिल्या, चौकांत प्रतिज्ञा झाली, आणि मीं एक भाषण केलें. सारें यथासांग पार पडलें. फेरी विसर्जित झाल्यावर मात्र माझ्या डोळ्यांदेखत तीच मुलें एकेका मोटारसायकलवर तिघेतिघे बसून घराकडे निघालीं. वेगाचा निषेध करणारा फलक पाठीला बांधून एक स्वार तर असा सुसाट गेला कीं फलकावरचीं अक्षरें वाचण्याइतकाही अवधि मागच्यांना मिळाला नाहीं.

फेऱ्यांनीं कांहीं होत नाहीं असें ठरवून मग मीं फाटकाशीं उभें राहण्याचा परिपाठ सुरू केला. सकाळीं महाविद्यालय भरतांना व संध्याकाळीं सुटतांना, निशाण हातीं घेऊन मी खांबाजवळ उभा राही, आणि ज्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाहीं त्याला अडवी. शिरस्त्राण हा शब्द मी कागदावर वापरतों. मुलें हेल्मेट म्हणतात, आणि फाटकाशीं मीही तेंच म्हणतों. अडविल्यावर मुलें थांबत. आमच्या वऱ्हाडांतलीं मुलें मोठीं सालस. मास्तरापुढें मान वर करून बोलणार नाहींत. पण खालीं मान घालून तीं जें बोलत, त्यानें माझ्या हातांतलें निशाण दर खेपेस थोडें खालीं येई.

"इथंच तं चाललो, सर."

हें उत्तर मीं इतक्या वेळां ऐकलें आहे कीं झोंपेंतही मला तें ऐकूं येतें. मीं एकदां या 'इथंच'ची चौकशी केली. कोणाचें इथंच बसस्थानकापर्यंत होतें, कोणाचें चिखलीपर्यंत, आणि एकाचें तर थेट खामगांवापर्यंत, बोथ्याचा घाट उतरून! हळूहळू मला उमगलें कीं इथंच या शब्दाचा मैलांशीं कांहीं संबंध नाहीं. ज्या वाटेचीं वळणें आपल्याला पाठ असतात ती वाट घरच्या ओसरीसारखी वाटूं लागते, आणि ओसरीवर कोणी शिरस्त्राण घालून बसत नाहीं.

एकदां मीं अडविलेल्या एका मुलाचे वडील मुद्दाम भेटीस आले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवीत ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही म्हन्ता ते खरं हाये. पन जेची भरली त्याले कोन वाचवते?" त्यांच्या बोलण्यांत उद्धटपणाचा लेशही नव्हता. पेरणी उलटलेली पाहिलेल्या माणसाचें तें तत्त्वज्ञान होतें. पाऊस आपल्या हातीं नाहीं, कापसाचा भाव आपल्या हातीं नाहीं. मग रस्त्यावरचें मरण तेवढें आपल्या हातीं कसें असेल? मीं त्यांना चहा दिला. उत्तर मात्र देतां आलें नाहीं, कारण तें माझ्याजवळ नव्हतें.

इंग्रजीचा अध्यापक अडचणींत सांपडला म्हणजे ग्रंथालयांत जातो. तसा मी गेलों, आणि तेथें मला माझा एक पूर्वज भेटला. इंग्लंडांत १८६५ सालीं एक कायदा झाला. वाफेवर चालणारें वाहन रस्त्यावर आणावयाचें तर त्याच्या साठ यार्ड पुढें एका माणसानें लाल निशाण घेऊन पायीं चाललें पाहिजे, आणि गांवांत त्याचा वेग ताशीं दोन मैलांहून अधिक असतां कामा नये, असें त्यांत होतें. पुढें या कायद्याची फार टवाळी झाली. आजही प्रगतीच्या आड येणाऱ्या शहाण्यांचा दाखला द्यावयाचा असला म्हणजे लोक त्याचें नांव घेतात. १८९६ सालीं त्या निशाणवाल्याची उरलीसुरली चाकरी संपली, आणि हलक्या वाहनांना ताशीं चौदा मैलांची मोकळीक मिळाली. नवा कायदा अंमलांत येण्याच्या थोडेंच आधीं, त्याच वर्षाच्या ऑगस्टांत, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत ब्रिजेट ड्रिस्कॉल नांवाची एक बाई मोटारगाडीखालीं सांपडून मरण पावली. ब्रिटनमध्यें मोटारीखालीं मेलेली पहिली पादचारी म्हणून तिचें नांव सांगतात. असें पुन्हां कधीं न घडो, असा उद्गार तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें त्या वेळीं काढला होता म्हणे.

तें वाचून मीं पुस्तक मिटलें. आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. भागाकार केला तर तासाला एकोणीस येतात. हजेरी घेऊन, एक कविता शिकवून, डस्टर झटकून मी वर्गाबाहेर येतों, तेवढ्या अवधींत एकोणीस घरांतलें कोणी ना कोणी परत न येण्याचें ठरून गेलेलें असतें. त्या वर्षींच्या मृतांपैकीं ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. आंकड्यांचा माझा व्यासंग नाहीं. पण हा एक आंकडा मात्र तेव्हांपासून मला विसरतां आलेला नाहीं.

ग्रंथालयांत सांपडलेली दुसरी गोष्ट माझ्या विषयाला अधिक जवळची होती. 'अरेबियाचा लॉरेन्स' म्हणून जगाला ठाऊक असलेल्या टी. ई. लॉरेन्सच्या गद्याचे कौतुक मीं वर्गांत कितीतरी वेळां केलें आहे. त्याच्या मरणाकडे मात्र माझें कधीं लक्ष गेलें नव्हतें. १९३५ च्या मे महिन्यांत तो मोटारसायकलवरून जात असतां सायकलवरचीं दोन मुलें एकाएकीं पुढें दिसलीं. त्यांना वांचविण्याच्या खटपटींत तो दूर फेकला गेला, डोक्याला मार बसला, आणि सहा दिवसांनीं तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू कॅर्न्स नांवाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यु त्यांच्या मनाला लागून राहिला. सैन्यांत निरोप पोंचविणाऱ्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या दुखापतींचा त्यांनीं बारकाईनें अभ्यास केला. शिरस्त्राणानें जीव वांचतात हें त्यांनीं १९४१ सालीं मांडलें. आणि ब्रिटिश सैन्यांत शिरस्त्राण सक्तीचें झालें. सामान्य नागरिकाला त्याची सक्ति व्हायला तेथेंही १९७३ साल उजाडावें लागलें. हें वाचून मला मोठा धीर आला. इंग्रजांसारख्या शिस्तप्रिय म्हणविणाऱ्या लोकांना जर हा धडा गिरवायला अडतीस वर्षें लागलीं, तर आमच्या फाटकाशीं दोन-तीन वर्षांत तें काय व्हावें?

पुस्तकांतून मान वर केली म्हणजे आमच्या जिल्ह्याचे रस्ते समोर येतात, आणि ते कोणत्याही पुस्तकांत नीट बसत नाहींत. बुलढाणें घाटमाथ्यावर आहे. मलकापुराकडे जावयाचें तर राजूरचा घाट उतरावा लागतो, खामगांवाकडे जावयाचें तर ज्ञानगंगेच्या अभयारण्यांतून बोथ्याचा घाट. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, खामगांव यांवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग पूर्वीं सहा नंबरचा म्हणून ठाऊक होता, आतां तो त्रेपन्न झाला; पण त्यावरची मालमोटारींची रांग नांव बदलल्यानें तुटली नाहीं. आमच्याकडे रस्ता कोणा एकाचा नसतो. सोयाबीन निघालें कीं त्याच्या एका अंगावर तें वाळत पडतें, आणि उडवून लावायला शेजारीं एखादी म्हातारी बसलेली असते. कापसाच्या दिवसांत ओझ्यानें वांकलेल्या गाड्या व ट्रॅक्टर अंधारांत कसलाही दिवा न लावतां खामगांवची वाट धरतात. शेगांवला पायीं निघालेले भक्त पहांटेच्या धुक्यांत, कडेकडेनें, नाम घेत चाललेले असतात. या साऱ्यांचा हक्क त्या रस्त्यावर आहे, आणि त्यांच्यामधूनच शंभराच्या वेगानें जाणाऱ्या मोटारीलाही तो हवा असतो.

अपघातांच्या जागा ठरविण्याची एक सरकारी व्याख्या आहे, ती मला याच कामांत कळली. पांचशें मीटरच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पांच अपघात झाले, अथवा दहा माणसें दगावलीं, म्हणजे ती जागा धोक्याची ठरते व कागदावर चढते. मग तेथें फलक लागतो, वळण सुधारतें, गतिरोधक येतो. व्याख्या कोठें तरी करावीच लागते, हें मला मान्य आहे. पण एखाद्या वळणाला आपली दखल घेववून घ्यावयाची तर आधीं एवढा भरणा करावा लागतो, हें वाचून माझ्या हातांतला कागद जड झाला.

आणि मग २०२३ सालचा जुलै आला.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण अंगानें, मेहकर व सिंदखेड राजाच्या बाजूनें जातो. सारा रस्ता ७०१ किलोमीटरचा. त्यांतला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला होता. न गाडी आडवी येत, न ढोर, न सोयाबीन. सरळ, रुंद, ताशीं १२० किलोमीटरची मुभा असलेला. मार्गसुरक्षा अधिकारी या नात्यानें मीं त्याचें मनापासून स्वागत केलें होतें. आमच्या रस्त्यांचे सारे दोष त्यानें टाळले आहेत, असें मीं मुलांना सांगितलेंही होतें.

१ जुलैच्या मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, जिजाऊंच्या सिंदखेड राजाजवळ पिंपळखुट्यापाशीं, नागपुराहून पुण्यास निघालेली एक खासगी बस खांबाला व दुभाजकाला धडकून उलटली. दार जमिनीकडे गेलें. डिझेलनें पेट घेतला. तेहतीस जणांपैकीं आठजण खिडक्या फोडून बाहेर आले. पंचवीस आंत राहिले. टायर फुटला असें चालकानें सांगितलें. परिवहन अधिकाऱ्यांना मात्र त्याची खूण आढळली नाहीं. देह ओळखूं येण्यापलीकडे गेले होते, म्हणून बुलढाण्यांतच सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. त्या दिवशीं आमच्या गांवांत परक्या गांवचीं माणसें रस्त्यांच्या कडेला बसून होतीं. कोणाला काय विचारावें हें कोणालाच सुचत नव्हतें. महिना संपतो न संपतो तोंच २९ जुलैच्या पहांटे मलकापुराजवळ महामार्गावर दोन खासगी बसगाड्या एकमेकींवर आदळल्या व सहाजण गेले. त्यांतली एक अमरनाथाहून परतणाऱ्या यात्रेकरूंची होती.

वर्ग सुरू झाले तेव्हां मीं फळ्यावर एक साधा हिशेब मांडला. वेग दुप्पट केला कीं आघाताची शक्ति चौपट होते. ताशीं १२० म्हणजे सेकंदाला तेहतीस मीटर; चालकाची पापणी दोन सेकंद मिटली तर तेवढ्यांत आमच्या महाविद्यालयाचें सारें पटांगण ओलांडून गाडी पलीकडे गेलेली असते. आणि सरळ रस्ता पापणी मिटवितो. वळण माणसाला जागें ठेवतें, खड्डा शिव्या द्यायला लावून जागें ठेवतो. तासन्‌तास एकसारखा धांवणारा पट्टा मात्र अंगाईसारखा असतो. आमच्या वांकड्या रस्त्यांचे दोष टाळणाऱ्या रस्त्याला त्याचे स्वतःचे दोष असूं शकतील, हें मला आधीं सुचलें नव्हतें.

पिंपळखुट्याच्या त्या रात्रींविषयीं आणखी एक गोष्ट वर्तमानपत्रांत आली होती. वांचलेल्यांनीं रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांना मदतीसाठीं हांका मारल्या, पण वाहनें थांबलीं नाहींत, असें तेथील गांवकऱ्यांनीं वार्ताहरांना सांगितलें. मला त्या न थांबलेल्यांचा राग आला नाहीं. त्या वेगांत आग ही खिडकींतून मागें जाणारी एक उजेडाची तिरीप असते. शिवाय पोलिसांच्या चौकशींत अडकण्याचें भय पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हाडींमांसीं खिळलेलें. सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या नियमांना कायद्याचें बळ दिलें. २०१९ च्या दुरुस्तीनें तें मोटार वाहन कायद्यांतही आलें. जखमीला रुग्णालयांत पोंचविणाऱ्याला आपलें नांव सांगण्याची सक्ति करतां येत नाहीं. हें मीं वर्गांत विचारलें तेव्हां एकाही मुलाला ठाऊक नव्हतें. आणि खरें सांगावयाचें तर दोन वर्षांपूर्वीं मलाही नव्हतें.

त्याच महिन्यांत कांहीं मंडळींनीं अपघाताच्या जागीं महामृत्युंजय यंत्र बसविलें. त्यापुढें तेथें अपघात होणार नाहींत असा त्यांचा दावा होता. जादूटोणाविरोधी कायद्याखालीं त्याबद्दल गुन्हाही नोंदला गेला. आमच्या प्राध्यापककक्षांत या गोष्टीवर बरेंच हसें झालें. मीही हंसलों. पण घरीं परत येतांना भिंतींवरचे आमचे फलक दिसले, दरवर्षीं जानेवारींत मुलांकडून रंगवून घेतलेले, आणि माझें हसें आटलें. चार शब्द लिहून भिंतीवर टांगले कीं संकट टळतें, अशी माझी तरी दुसरी काय श्रद्धा होती?

या सगळ्यानंतर माझ्या बोलण्याला एक धार आली होती. त्या सत्रांत मीं व्याख्यानें दिलीं, पालकांच्या सभा घेतल्या, फाटकाशीं तर एकही दिवस चुकविला नाहीं. चुकविला नाहीं म्हणतों. पण एक संध्याकाळ अशी आहे कीं जिच्याविषयीं लिहावें कीं न लिहावें याचा विचार करीत मी आतांपर्यंत इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगत आलों.

दिवाळीच्या सुटीनंतरचे दिवस होते. सूर्य लवकर मावळे. त्या दिवशीं कसल्याशा बैठकीनें उशीर झाला. मुलें पांगलीं होतीं, मीं जाकीट काढून घडी घालून पिशवींत ठेवलें होतें, आणि निशाण पहारेकऱ्याच्या खोलींत टेंकवून मी स्कूटर काढीत होतों. तेवढ्यांत दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मोटारसायकल ढकलीत फाटकाशीं आला. गुणी मुलगा, निबंध चांगले लिही. हेल्मेट त्याच्याजवळ होतें, हें मी शपथेवर सांगूं शकेन, कारण तें त्याच्या कोपराला अडकविलेलें मीं पाहिलें. त्यानेंही पाहिलें कीं मीं तें पाहिलें. तो किंचित् हंसला. मी बोलणार होतों. पण अंगावर जाकीट नव्हतें. हातांत निशाण नव्हतें. दिवसभर तेंच तें बोलून जीभ थकली होती. आणि आतां पुन्हां तेंच बोललों तर हा मनांत म्हणेल, सर कामाची वेळ संपली तरी सोडीत नाहींत, असा एक क्षुद्र संकोच मनांत येऊन गेला. "जपून जा रे," एवढेंच मी म्हणालों. "हो सर, इथंच तं जायचं," तो म्हणाला, आणि चिखलीच्या रस्त्यानें गेला.

त्याच्या गांवाच्या अलीकडे एक ट्रॅक्टरची ट्रॉली बिघडून रस्त्यावर उभी होती. तिला मागें दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती, मागें ठेवलेला दगडसुद्धां नव्हता.

तो वांचला. छत्रपति संभाजीनगरच्या एका रुग्णालयांत तो कित्येक आठवडे होता. पहिल्यांदां भेटायला गेलों तेव्हां त्यानें मला ओळखलें नाहीं. पुढें ओळखलें. आतां तो वडिलांच्या किराणा दुकानांत बसतो. हिशेब धाकटी बहीण ठेवते, कारण आंकडे त्याच्या मनांत फार वेळ टिकत नाहींत. पुड्या मात्र तो बांधतो, सावकाश, उजवा हात जरासा कांपत असतां. मी त्या बाजूनें गेलों कीं मुद्दाम दुकानावर थांबतों. तो उठून उभा राहतो, "सर" म्हणतो, आणि बसायला पोतें झटकतो. त्यानें, त्याच्या आईवडिलांनीं, किंवा त्या गांवांतल्या कोणीही मला आजवर एका शब्दानें कांहीं विचारलें नाहीं. त्यांना विचारण्यासारखें कांहीं ठाऊकच नाहीं. फाटकापाशींची ती संध्याकाळ फक्त मला ठाऊक आहे. त्याच्या स्मरणांतून तर ती पुसूनच गेली आहे. जेची भरली त्याले कोन वाचवते, असें त्याचे वडीलही एकदां म्हणाले, तें माझें समाधान करण्यासाठीं. मला पूर्वींचे ते गृहस्थ आठवले, आणि त्या प्रश्नाचें उत्तर आतां आपल्याजवळ आहे हें लक्षांत आलें. तें असें आहे कीं वाचविणारा पुष्कळदां अगदीं जवळच उभा असतो, आणि संकोचानें गप्प राहतो. हें मी त्यांना सांगूं शकलों नाहीं. येथें लिहितों आहें.

दुसऱ्या आठवड्यापासून मुलांना घेऊन मीं एक नवें काम काढलें. उजेड पडला कीं चमकणारी लाल चिकटपट्टी बाजारांत मिळते. तिचीं भेंडोळीं विकत घेऊन आम्ही आठवडी बाजाराला, कापूस उतरायच्या जागीं, गांवोगांवच्या पारावर जातों, आणि बैलगाडीच्या मागच्या फळीला, ट्रॉलीच्या झडपेला, सायकलच्या चाकावरच्या पत्र्याला ती पट्टी चिकटवून देतों. याला भाषण लागत नाहीं. शेतकरी प्रथम संशयानें विचारतो, "याचे पैसे किती?" कांहीं नाहीं म्हटलें कीं मग म्हणतो, "लावा बाप्पा, दोन्ही अंगाले लावा." कोणी गाडीच्या साट्यावरची धूळ आपल्या धोतराच्या सोग्यानें पुसून देतो. फेरींत घोषणा देणारीं तींच मुलें हें काम मात्र घोषणेवांचून, मन लावून करतात. पट्टी दोन-तीन पावसाळ्यांत निघून जाईल, तेव्हां पुन्हां लावावी लागेल. पण दरवर्षीं तींच तीं वाक्यें उच्चारण्यापेक्षां तें बरें.

या कामाची एक गंमत अशी कीं त्याचें यश कधींच दिसत नाहीं. जो मेला त्याची नोंद होते. जो पट्टी पाहून ब्रेक दाबतो, गाडीला वळसा घालून पुढें जातो, आणि घरीं जाऊन भाकरी गरम नाहीं म्हणून कुरकुरतो, त्याची नोंद कोण ठेवणार? आपण वांचलों हें त्यालाही ठाऊक नसतें. विलायतेंतल्या त्या जुन्या निशाणवाल्याचेंही असेंच झालें असेल. त्याच्या मागून येणाऱ्या यंत्राखालीं जे आले नाहींत, त्यांचीं नांवें कोणत्याही इतिहासांत नाहींत. त्याची टवाळी मात्र सर्वत्र आहे.

मागच्या पौषांत मोताळ्याहून एका स्नेह्यांच्या मोटारीनें परत येत होतों. राजूरचा घाट चढतांना रात्र झाली होती, धुकें उतरलें होतें. एका वळणावर दिव्यांच्या झोतांत समोर दोन लाल रेघा एकदम पेटल्या. स्नेह्यांनीं गाडी हळू केली. जवळ गेल्यावर दिसलें कीं कडब्याची एक गाडी आहे. बैल आपल्या चालीनें चालले आहेत, आणि गाडीवान कांबळें पांघरून कडब्यावर गाढ झोंपलेला आहे. आम्ही बाजूनें निघून गेलों. तो जागा झाला नाहीं. पट्टी आमच्या मुलांनीं लावलेली होती कीं दुसऱ्या कोणी, हें मीं पाहिलें नाहीं.

सेवानिवृत्तीला आतां फार वर्षें राहिलीं नाहींत. जाकिटाचा रंग उतरला आहे, आणि निशाणाचें कापड पत्नीनें दोनदां बदलून दिलें आहे. संध्याकाळीं महाविद्यालय सुटलें कीं मी खांबाजवळ उभा असतों. आतां बैठक असो वा नसो, शेवटची मोटारसायकल बाहेर पडेपर्यंत जाकीट काढीत नाहीं. कालच एकानें हेल्मेट कोपराला अडकवून जवळजवळ फाटक ओलांडलें होतें. मीं निशाण आडवें केलें.

"सर, इथंच तं चाललो," तो म्हणाला.

"मीही इथंच आहें," मी म्हणालों, "घालेपर्यंत थांबतों."

त्यानें एकवार माझ्याकडे पाहिलें, एकवार घड्याळाकडे पाहिलें, आणि हेल्मेट डोक्यावर चढविलें. पट्टा मीं स्वतः लावून दिला.